हाताला काही लावलेलं नाही

त्याचं खरं नाव कागदांवर होतं आणि तिथंच राहिलं. सगळी त्याला अलगद म्हणत. त्याच्या हातचा वस्तरा गालावरून असा फिरायचा, की दाढी संपली तरी गिऱ्हाईक डोळे मिटून बसलेलंच. एकदा एक गृहस्थ खुर्चीत चक्क घोरायला लागले. त्यांची बायको शोधत शोधत आली आणि दारातच कपाळाला हात लावून म्हणाली, "घरी रात्रभर कूस बदलत असतात, अन् इथं बघा!" अलगदनं तिला स्टूल दिलं आणि म्हणाला, "बसा. एक गाल राहिलाय."

सलून दोन खुर्च्यांचं. एक खुर्ची खिडकीजवळ, तिथं सकाळचा उजेड थेट गिऱ्हाइकाच्या तोंडावर पडायचा आणि हनुवटीखालचा केसही लपायचा नाही. दुसरी आत, बल्बखाली. मधे एक पडदा, आणि पडद्यामागच्या खोलीत अलगदची बायको पातेल्यात टॉवेल उकळायची. गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणत. पडदा जाड होता, पण बोलणं काही पडद्यानं अडत नाही, त्यामुळे गल्लीतली कुठलीही गोष्ट वहिनीला टॉवेल पिळता पिळता कळायची.

सलून मूळ वहिनीच्या वडलांचं. अलगद तिथं कारागीर म्हणून आला आणि जावई म्हणून राहिला. 'घरजावई' हा शब्द गल्लीत कोणी त्याच्या तोंडावर काढला नाही. पण दाढी करून घेताना माणसाचं तोंड तसंही बंदच असतं, तेव्हा त्यात त्यांचा मोठासा उपकार नव्हता. सासरे गेले तेव्हा खिडकीची खुर्ची अलगदला देऊन गेले, आतली आपल्या धाकट्या मुलाला. वहिनीच्या या भावाला सगळे धाकटाच म्हणत. त्याला मिशा फुटल्या, पोट सुटलं, टक्कल पडायला आलं, तरी तो धाकटाच.

खुर्चीबरोबर सासरे आणखी एक गोष्ट देऊन गेले, ती म्हणजे कोलन. स्पिरिट, पाणी आणि लिंबाच्या जातीच्या एका कडू फळाच्या सालीचं तेल. घरीच बाटलीत हलवून करायचं. त्यांचा दंडक असा, की साबणानं धुतलेला हात म्हणजे निम्मा धुतलेला हात. वरून कोलन चोळलं की तो पुरता धुतला, आणि मगच तो दुसऱ्या माणसापुढं करायचा. अलगदनं हा दंडक असा काही अंगी बाणवला होता, की लग्नाच्या दिवशी नवरीचा हात धरायची वेळ आली तेव्हा तो उठून आत गेला. पाहुण्यांना वाटलं, पळाला. तो कोलन लावून परत आला आणि हात पुढं केला. वहिनीला तो वास पुढं जन्मभर पुरला.

डाग पहिल्यांदा दिसला तो उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरावर. वहिनीनं जेवायला वाढताना पाहिला.

"हाताचा फेस पुसा हो," ती म्हणाली.

त्यानं पुसला. पुन्हा पुसला. मग दोघांनी मिळून त्या बोटाकडं बघितलं. फेस नव्हता.

पुढं तो डाग एकटा राहिला नाही. अंगठ्याजवळ एक आला, मग पंजाच्या मागं, मग डाव्या हाताची बोटं टोकांपासून पांढरी होत गेली. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. खाज असती तर निदान खाजवता तरी आलं असतं, असं अलगद म्हणायचा.

लोक फार चांगले होते. कोणी एका शब्दानं बोललं नाही. नुसते येऊन बाकावर बसत. खिडकीची खुर्ची रिकामी, अलगद शेजारी टॉवेल झटकत उभा, आणि बाकावर चौघं.

"या की," अलगद म्हणायचा.

"होऊ दे धाकट्याचं. काही घाई नाही," असं म्हणून माणूस घड्याळ बघत बसायचा.

अलगदनं कोणाला दोष दिला नाही. त्याला वाटलं, लोकांना हात स्वच्छ नसल्याचा संशय येतो आहे. यावर त्याला एकच उपाय ठाऊक होता. त्यानं कोलनमधलं तेल दुप्पट केलं. वास असा ठसठशीत यायला लागला, की सलून गल्लीच्या तोंडापासून सापडायचं.

एकटे पोस्टमास्तर तेवढे खिडकीच्या खुर्चीत बसत राहिले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण अंगात रुबाब तसाच. "उभ्या जन्मात मी लोकांना रांगेत उभं केलंय," ते म्हणायचे, "आता मी कशाला थांबू?" दाढी झाली की अलगद त्यांच्या गालांना आणि मानेला ओंजळभर कोलन लावायचा. मग ते बाहेरच्या बाकावर उन्हात जाऊन बसत. सदऱ्याची वरची गुंडी काढायची, मान मागं टाकायची आणि वर्तमानपत्र हातभर लांब धरून सरकारला शिव्या द्यायच्या. ऊन चांगलं डोक्यावर येईपर्यंत हा कार्यक्रम चाले.

एक दिवस धाकटा पडद्याआड आला. काही सांगायचं असलं की तो आधी टॉवेलांच्या घड्या घालायला लागायचा.

"ताई, दाजींना जरा सांगतेस का?"

"काय सांगू?"

"हेच. हाताचं. म्हणजे बरं होईपर्यंत त्यांनी केस कापावे, फणी मधे असतेच. पण तोंडाला हात लावायचं जरा..."

"तू सांग की. तुझं तोंड शिवलंय का?"

"मला नाही जमायचं. मला वस्तरा धरायला त्यांनीच शिकवलंय."

"मग चालव त्यांच्यावरच."

धाकट्यानं घडी मोडून पुन्हा घातली. "ताई, मी वाईट नाही गं. पण एका खुर्चीवर दोन संसार चालत नाहीत. उन्हाळा संपेपर्यंत वाट बघतो. हात पहिल्यासारखे झाले, तर खुर्ची दाजींची, वस्तरा दाजींचा, मी पाया पडेन. नाही झाले तर खिडकीवर बसवायला एक कारागीर सांगून ठेवलाय."

बाहेर अलगदच्या कात्रीचा आवाज मघाशीच थांबला होता. म्हणजे सांगायचं काम झालेलं होतं.

सरकारी दवाखान्यात कातडीचा विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. डॉक्टरीणबाई वयानं लहान, डोळ्यांखाली काळं, बोलणं मात्र चोख. तिनं अलगदचे हात उलटेसुलटे करून पाहिले.

"हे कोणाला लागत नाही," ती म्हणाली. "शेजारी बसून नाही, हात धरून नाही, एका ताटात जेवून नाही."

"हे लिहून द्याल का?" वहिनी म्हणाली. "दारावर चिकटवायला."

डॉक्टरीणबाई हसली. वहिनी हसली नाही.

मग तिनं औषध समजावून सांगितलं. बावची म्हणून एक झुडूप असतं. त्याच्या बियांमध्ये जे असतं त्याच जातीचं औषध गोळीत असतं. गोळी पोटात गेली की कातडी उजेडाची भुकेली होते. मग दिव्याच्या पेटीत हात ठेवून तिला मोजून उजेड वाढायचा. रंग तयार करणाऱ्या ज्या उरल्यासुरल्या पेशी झोपून राहिल्यात, त्या अशानं जाग्या होतात. झाल्या तर.

"म्हणजे झाडपाल्याचं औषध," अलगदला हायसं वाटलं.

"झाडपाल्याचं आहे म्हणून गरीब समजू नका. गोळी अंगात असताना साधं ऊनसुद्धा भाजून काढील. पोटभर जेवून गोळी घ्यायची, इथं यायचं, हात पेटीत ठेवायचे. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत काळा चष्मा, हातमोजे, लांब बाह्या. घरातसुद्धा. आणि खिडकीशी बसायचं नाही, काचेतूनही येतं ऊन."

नवरा-बायकोनं एकमेकांकडं पाहिलं. ज्या खुर्चीसाठी औषध घ्यायचं त्या खुर्चीपाशी उभं राहायचं नाही, एवढंच काय ते पथ्य होतं.

"लिंबू, अंजीर असलं काही फार खाता का?" तिनं विचारलं.

"नाही," अलगद म्हणाला, आणि ते खरं होतं.

पेटीची खोली बोळाच्या टोकाला. तिथल्या सिस्टरला सगळे दिवेवाली म्हणत. पेटी म्हणजे समोरून दोन भोकं पाडलेलं लोखंडी खोकं. भोकांतून हात आत घालायचे, आणि आत जांभळ्या नळ्या पेटायच्या. दिवेवाली बटणावर बोट ठेवून प्रत्येकाला न चुकता विचारायची, "हाताला काही लावलंय का?"

"नाही," अलगद म्हणायचा.

आता तो खोटं बोलत होता असं नाही. क्रीम लावलं नव्हतं, तेल लावलं नव्हतं, मलम लावलं नव्हतं. आत जाण्याआधी बोळातल्या नळावर त्यानं हात साबणानं धुतले होते, आणि वहिनीनं पिशवीतून काढून दिलेल्या कुपीतलं कोलन चोळून ते पुरते धुतले होते. परक्या बाईपुढं हात करायचे ते काय अर्धवट धुऊन? लावणं वेगळं आणि धुणं वेगळं. ज्या घरात तो जावई झाला होता त्या घरात ही गोष्ट लहान पोरालाही समजावून सांगावी लागत नसे, मग दिवेवालीला कशाला सांगायची?

गोळीच्या दिवशी अलगद दवाखान्यातून परस्पर सलूनमध्ये यायचा. काळा चष्मा, पांढरे सुती मोजे, मनगटापर्यंत बाह्या. घरी बसायला त्याला जमत नसे. एक नवखा माणूस दारात आला, काळ्या चष्म्यातला कारागीर हातात कात्री घेऊन "या, बसा" म्हणतोय हे त्यानं पाहिलं, आणि पाऊल आत न टाकताच परत गेला.

"दाजी, निदान चष्मा तरी काढा," धाकटा म्हणाला.

"डोळे जातील."

"मग मोजे काढा."

"हात जातील."

"गिऱ्हाईक गेलं ना!"

"ते गेलंच," अलगद म्हणाला.

काही खेपा झाल्या आणि एका संध्याकाळी अलगदचे हात लाल झाले. रात्र सरता सरता सुजले. सकाळी बोटांच्या मधे पाणी धरलेले फोड, टपोरे. डॉक्टरीणबाईनं पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि पेटीतला उजेड कमी केला. फोड बसले, पुन्हा पेटी, पुन्हा फोड. तिनं गोळी कमी केली. पुन्हा फोड. "काही लावलंय का?" या प्रश्नाला प्रत्येक वेळी तेच उत्तर मिळत होतं आणि ती ते प्रत्येक वेळी लिहून घेत होती.

"काही जणांना हा उजेड सोसत नाही," ती शेवटी म्हणाली. "पुढच्या खेपेला बघते. नाहीतर बंद करावं लागेल."

म्हणजे हात जसे आहेत तसेच राहणार. म्हणजे वस्तरा गेला. हे तिला कोणी सांगितलं नाही, आणि सांगून तरी तिनं काय केलं असतं?

त्याच सुमाराला पोस्टमास्तरांच्या मानेवर पट्टा उमटला. कानाखालून निघालेला, गडद तपकिरी, सदऱ्याच्या कॉलरात उतरणारा. शेजारी आणखी दोन, जरा बारीक. गळतीच्या भिंतीवर ओल उतरावी तसे.

गल्लीनं निकाल द्यायला वेळ लावला नाही. पडद्याआड वहिनी सगळं ऐकत होती.

"लागलं शेवटी."

"अरे पण अलगदचं पांढरं आहे, हे काळं."

"मग? काळ्याचं पांढरं होतं, तर गोऱ्याचं काळं व्हायला नको? रोग तो रोग. त्याला रंगाचं काय?"

यावर कोणाला काही सुचलं नाही, तेव्हा ते खरं ठरलं.

बाकावर पोस्टमास्तर बसले की शेजारचा माणूस सरकायचा, त्याच्या शेजारचा सरकायचा, आणि टोकाचा उठून उभा राहायचा. आयुष्यभर लोकांना रांगेत उभं केलेला माणूस, पण बाक असा रिकामा होताना त्यानं कधी पाहिला नव्हता. शेवटच्या दाढीला ते मफलर घेऊनच आले, कोलननं ओल्या मानेवर तो गुंडाळला, आणि मग यायचे बंद झाले. ऐन उकाड्यात गळ्याला मफलर गुंडाळून, दाढी वाढवून, रस्त्याच्या पलीकडून जाताना दिसायचे.

धाकटा आत आला. या वेळी त्यानं टॉवेलाला हात लावला नाही. "ताई, आता मी काय करू सांग. शेवटचं गिऱ्हाईकही गेलं, आणि माझीही निम्मी आत यायला कचरतायत. उन्हाळा संपायला महिना-दीड महिनाच राहिलाय. मी त्या कारागिराला होय म्हणतोय."

वहिनीच्या जिभेवर पुष्कळ काही आलं होतं. भाऊ होता, चुकत होता, आणि त्याचं चुकत होतं असंही म्हणता येत नव्हतं. तिनं पातेल्यावर झाकण आदळलं. भावाला त्यातून काय कळायचं ते कळलं.

घरी अलगदच्या हातांना पट्ट्या. त्याची स्वतःची दाढी वाढली होती, आणि न केलेली दाढी घेऊन तो एक दिवसही कोणापुढं गेला नव्हता. वहिनीनं त्याला खुर्चीत बसवलं आणि वस्तरा हातात घेतला. वडील कारागीर, नवरा कारागीर, भाऊ कारागीर. हिनं वस्तरा फक्त धुतलेला.

"अगं, धार उलटी आहे."

"मला कळतं."

"कातडी ताणून धर. तशी नाही. डाव्या हातानं."

"गप बसा. बोललात की गाल हलतो."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "लागलं का?"

"नाही," तो म्हणाला. हनुवटीवरून रक्ताचा थेंब मानेवर आला होता. "हात चांगला आहे तुझा."

ती कापूस शोधायला वळली. तो आरशात बघत राहिला, स्वतःच्या तोंडाकडं नाही, मांडीवरच्या पट्ट्यांकडं.

"दुसरं काही येत असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "मला एवढंच येतं."

वहिनीनं त्याच्या हनुवटीला कापूस दाबून धरला, लागेल तेवढ्यापेक्षा जरा जास्त वेळ.

शेवटच्या खेपेला दवाखान्याच्या बोळात गर्दी होती. बाकावर मफलर दिसला. मफलरात पोस्टमास्तर होते.

अलगद पुढं झाला. "नमस्कार."

पोस्टमास्तरांनी मफलर खाली ओढून मान दाखवली. "हे तुझं."

"माझं चुकलं," अलगद म्हणाला.

वहिनीचा पारा चढला. "काय चुकलं? अहो, मी यांच्याबरोबर एका छपराखाली राहते, एका ताटात जेवते, माझ्या अंगावर तीळ नाही नवा उठला! आणि तुम्हाला मात्र दाढीतून लागलं?"

"वहिनी, मला भांडायचं नाही," पोस्टमास्तर म्हणाले. "या उकाड्यात लोकरीचा मफलर घालून बघा, भांडायची ताकद उरत नाही."

तेवढ्यात आतून पोस्टमास्तरांना हाक आली, आणि पाठोपाठ अलगदला. तिथं रीतच तशी, एक रोगी स्टुलावर आणि पुढचा दाराशी उभा. खासगी असं काही नसायचं.

डॉक्टरीणबाईनं पोस्टमास्तरांची मान उजेडाकडं वळवली. "इथं काही ओघळलं होतं का?"

"नाही."

"मानेला काही लावता?"

"काही नाही. दाढी करून घेतो, बस्स."

"काही म्हणजे काहीच नाही?"

"सांगितलं ना. हाताला नाही, मानेला नाही, कशाला काही नाही."

तिनं सुस्कारा टाकला आणि अलगदला जवळ बोलावलं. अलगदनं पट्ट्या सोडून हात पुढं केले. ती खाली वाकली आणि तशीच थांबली. मग पोस्टमास्तरांच्या मफलराकडं वाकली. पुन्हा अलगदच्या हातांकडं. वहिनीला वाटलं, बाईला घेरी येतेय.

"तुम्हाला दोघांनाही एकच वास कसा येतोय?"

दोघांनी एकमेकांचा वास घेतला. दोघांनाही काही आला नाही.

"लिंबासारखा," ती म्हणाली. "तुमच्या हातांना हा वास पहिल्या दिवसापासून आहे. सलूनमधला माणूस, वास यायचाच, असं मी धरून चालले. काय आहे हा?"

वहिनीनं पिशवीत हात घातला आणि कुपी काढून टेबलावर ठेवली. "हा होय? हे काही नाही. हे आपलं कोलन."

डॉक्टरीणबाईनं बूच काढून हुंगलं. मग ती खुर्चीत बसली. दमल्यासारखी बसली.

"हे कधी चोळता हाताला?"

"हात धुतले की," अलगद म्हणाला.

"पेटीत हात घालण्याआधी?"

"म्हणजे काय! धुतल्याशिवाय कसे घालणार?"

तिनं डोळे मिटले आणि उघडले. मग शांतपणे सांगितलं. बावचीच्या बियांत जे असतं ते देवानं एकट्या बावचीत घालून ठेवलेलं नाही. अंजिराच्या चिकात असतं. लिंबाच्या आणि त्याच्या भाऊबंदांच्या सालीतही असतं, कडू फळांच्या सालीत तर जास्त. "जे मी तुम्हाला गोळीतून मोजून देत होते," ती म्हणाली, "ते तुम्ही वरून न मोजता ओतत होता."

"मी तर गोळीही घेतली नाही," पोस्टमास्तर म्हणाले.

"तुम्हाला गोळी लागलीच नाही. यांनी कोलन दिलं, सूर्यानं उजेड दिला. मानेवरून थेंब जिथून जिथून ओघळला तिथं तिथं भाजलं. दाढी झाल्यावर उन्हात बसता ना?"

पोस्टमास्तर म्हणाले, "वर्तमानपत्र वाचतो."

"पण माझ्या वडलांपासून हेच कोलन लावतात," वहिनी म्हणाली. "आजवर कोणाच्या मानेवर रेघ नाही उठली."

"इतकंच तेल घालायचे ते?"

वहिनीनं नवऱ्याकडं पाहिलं. नवरा टेबलाकडं बघत होता.

"दुप्पट केलं होतं," अलगद म्हणाला.

"का?"

"हात स्वच्छ वाटावेत म्हणून."

अलगदला पेटीकडं न्यायला आलेली दिवेवाली दाराशीच थांबून उगीच पडदा सारखा करायला लागली.

पोस्टमास्तरांना औषध नव्हतं. काही महिन्यांत पट्टे आपोआप फिके होतील, उन्हात मान उघडी टाकू नका, एवढंच सांगितलं. अलगदला फोड पुरते बरे झाल्यावर गोळी आणि पेटी पुन्हा सुरू करायचं ठरलं. फक्त साबण आणि पाणी. "आणि एक आत्ताच सांगते," डॉक्टरीणबाई म्हणाली. "पंजाच्या मागं रंग भरून येईल, बराचसा. बोटांची टोकं हट्टी असतात. ती भरून येतीलच असं वचन मी देत नाही. सगळा हात एका रंगाचा होईल हे धरून चालू नका."

दोघं घरी निघाले. लागत नाही हे कळलं होतं, का भाजतं हेही कळलं होतं, आणि धाकट्याची अट मात्र होती तिथंच होती. हात पहिल्यासारखे झाले तर. वहिनीनं कोलनची गोष्ट गल्लीला सांगितली; गल्लीनं माना डोलावल्या आणि रांग धाकट्याकडंच लावली.

फोड बरे झाले. पेटी सुरू झाली, आणि या वेळी हात नुसते गुलाबी होऊन थांबले. काही दिवसांनी पंजाच्या मागच्या पांढऱ्यात मोहरीएवढे तपकिरी ठिपके दिसायला लागले. वहिनी ते रोज बघायची आणि वाढले म्हणायची. बोटं होती तशीच. आणि उन्हाळा संपला.

"उद्या येतोय कारागीर," धाकट्यानं पडद्याआड येऊन सांगितलं. "दाजींनी केस कापावे. मी कोणाला काही बोलू देणार नाही."

"तू बोललास तेवढं बस झालं," वहिनी म्हणाली.

ती हे बोलतच होती, तेवढ्यात बाहेर एकदम शांत झालं. तिनं पडदा बाजूला केला. दारात पोस्टमास्तर उभे होते. मफलर नव्हता. दाढी छातीला टेकायची बाकी होती, आणि कानाखालचा पट्टा, आता जरा फिका, सगळ्यांना दिसेल असा उघडा. बाकावरचे तिघं सवयीनं सरकले.

पोस्टमास्तर खिडकीच्या खुर्चीत जाऊन बसले. "अलगद, कर."

अलगद कोपऱ्यात केर भरत होता. त्यानं हातातलं सुपडं खाली ठेवलं. धाकटा लगबगीनं पुढं आला. "मास्तर, मी करतो. या आत."

"तुझ्याकडं रांग आहे. मला वाट बघायला आवडत नाही."

"तसं नाही, पण..." धाकट्यानं आवाज खाली आणला. "लोक बघतायत."

"बघू देत. माझ्याकडं बघून उठून जातात, तेव्हा मी काही म्हटलं?" मग ते अलगदकडं वळले, आणि आवाज मात्र खाली आणला नाही. "तुझ्यापासून मला आता लागायचं काय राहिलंय रे? ज्यांचं राहिलंय त्यांनी धाकट्याकडं बसावं."

बाकावर कोणी हललं नाही. उठून जावं तर घाबरलो असं दिसतं, आणि बसून राहावं तर घाबरलो नाही असं दिसतं. दुसरं बरं म्हणून तिघं बसून राहिले.

अलगद हात धुऊन आला. साबण आणि पाणी. खुर्चीपाशी आला आणि थांबला. खिडकीतून ऊन थेट त्याच्या पंजांवर आलं.

"मास्तर, उठा जरा," तो म्हणाला. "मला हे ऊन आता चालायचं नाही, आणि तुमच्या मानेलाही नको. आत बसा. धाकट्या, तू खिडकी घे."

धाकट्यानं ही खुर्ची जन्मभर आरशातून पाहिली होती. "पण दाजी, बाबांनी ती तुम्हाला..."

"मला वस्तरा पाहिजे. तो बल्बखालीही चालतो."

धाकट्यानं पुढं वाद घातला नाही. त्याच्या फण्या, कात्र्या, पावडरीचा डबा, सगळं इतक्या चपळाईनं खिडकीशी गेलं, की वहिनीला भावाचा राग यायचा तो हसूच आलं. तिनं पातेल्यातून टॉवेल काढला, पिळला आणि अलगदच्या हातात दिला. एवढ्या दाढीला एक पुरणार नाही म्हणून दुसरा टाकला.

आधी कात्री चालली. मग टॉवेल, मग फेस. पोस्टमास्तरांच्या पांढऱ्या फेसात अलगदची पांढरी बोटं कुठं सुरू होतात ते बाकावरून कोणाला दिसत नव्हतं, आणि तिघंही माना लांब करून तेच बघत होते. वस्तरा कानाखाली आला, पट्ट्यावरून उतरला. पोस्टमास्तरांनी डोळे मिटले.

बाकाच्या टोकाचा माणूस खाकरला. "धाकट्या, तुझं होईपर्यंत... म्हणजे आतली खुर्ची आधी मोकळी झाली तर..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. शेजारचा त्याच्याकडं बघायला लागला, आणि मग आतल्या खुर्चीकडं.

धाकटा खिडकीच्या उजेडात उभा होता, हातात फणी, समोर कोणी नाही. तो फणीचे दात मोजल्यासारखा बघत राहिला.

"मग दाजी," तो म्हणाला, "उद्या तो कारागीर येईल त्याला काय सांगू?"

अलगदचा वस्तरा गालाच्या मधोमध होता.

"सांग, जागा भरलेली आहे," फेसातून पोस्टमास्तर म्हणाले.

"बोलू नका हो," अलगद म्हणाला. "हनुवटी आलीय."